सदाशिवने निवडलेले स्पीकर

अनसूयाबाईंनी सदाशिवला पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९९१ च्या डिसेंबरात, हुबळीच्या विद्यानगरातल्या त्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये. स्नेहसंमेलनाचा दिवस होता. गाणारे बुवा आत चहा घेत होते, दोनशे मुली सतरंजीवर चुळबुळत होत्या आणि व्यासपीठावर छत्तीसेक वर्षांचा एक सडपातळ माणूस तंबोरा मांडीवर आडवा घेऊन खुंट्या पिळत होता. मध्येच तो थांबला. मान तिरकी करून त्यानं छताकडे पाहिलं आणि उठून सरळ बाईंपाशी आला.

"बाई, ती कोपऱ्यातली ट्यूब तेवढी बंद करा."

"डोळ्यांवर येते का?"

"नाही, गुणगुणते. माझ्या खर्जाच्या जराशी खाली आहे. सारखी ओढते मला."

बाईंनी कान दिला. त्यांना काही ऐकू आलं नाही. तरी त्यांनी शिपायाला सांगून ट्यूब बंद करवली, आणि ती विझल्यावर त्यांना कळलं की इतका वेळ हॉलमध्ये काहीतरी वाजत होतं.

व्यासपीठाच्या कडेला एक वयस्क गृहस्थ दुसऱ्या तंबोऱ्याच्या दांडीवर हनुवटी टेकवून, डोळे मिटून बसले होते. सदाशिवचे वडील, हणमंतअप्पा. बाईंनी त्यांना नमस्कार करून काहीतरी विचारलं. अप्पा नुसतेच हसले.

"मोठ्यानं बोलून उपयोग नाही बाई," सदाशिव म्हणाला. "अप्पांचे कान बावन्नाव्या वर्षी गेले. आजोबांचे पन्नासाव्या. आमच्यात धंदा आणि हे, दोन्ही थोरल्याकडे येतं."

घराण्यातल्या टकलाविषयी सांगावं तसं त्यानं हे हसत सांगितलं. अनसूयाबाई गणित शिकवत. त्यांच्याकडून मनातल्या मनात वजाबाकी होऊन गेली, आणि मग दिवसभर त्यांना स्वतःचाच राग येत राहिला.

सदाशिवचे आजोबा मिरजेहून हुबळीला आले आणि केशवापुरात त्यांनी तंबोरे-सतारींचं लहानसं दुकान घातलं. दुकानात विक्री बेताचीच. खरं काम जवारीचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं केसाकेसानं घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि त्या तारेतून तो झळाळता, भुंग्यासारखा नाद उठेपर्यंत थांबायचं नाही. जवारी कमी उघडली तर तंबोरा मुका राहतो, जास्त उघडली तर चरचरतो. मधली जागा कुठली, हे सांगणारं माप नाही. ते कानानंच ठरवायचं. हुबळी-धारवाडात गाणारी घरं पुष्कळ, आणि त्या घरांत एक रीत होती. गुरूचा तंबोरा ज्यानं लावला, त्याच्याच घरी शिष्याचा तंबोरा जायचा. माणूस हयात असताना घर बदलणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. त्यामुळे सदाशिवला जाहिरात कधी लागली नाही. आणि त्यामुळेच, एखादा तंबोरा दुसरीकडे गेला तर त्याची बातमी संध्याकाळपर्यंत धारवाड गाठत असे.

अनसूयाबाई पुढे सदाशिवच्या दुकानी जाऊ लागल्या. त्या स्वतः गात नसत, पण गाणं ऐकल्याशिवाय त्यांचा आठवडा पुरा होत नसे. दुकानातल्या बाकावर बसून सदाशिव घोडी घासताना पाहणं त्यांना आवडे. दोन ओढी, एक टणत्कार, परत दोन ओढी. त्याची बायको मंगला चहा आणी. "बाई, यांना घरात मी हाक मारलेली ऐकू येत नाही, आणि शेजारच्या गल्लीतली पेटी बेसूर लागलेली बरी ऐकू येते," असं ती म्हणे, आणि सगळे हसत. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

२००३ साली बाई निवृत्त झाल्या आणि नवरा श्रीहरी यांच्यासह नवनगरातल्या नव्या घरात राहायला आल्या. श्रीहरी सरकारी कचेरीतून आधीच निवृत्त होऊन टीव्हीसमोर स्थिरावले होते. मुलगा सुमंत बेंगळुरूला. पुढच्या उन्हाळ्यात तो आला तो नवा डीव्हीडी प्लेअर घेऊन, आणि जाताना सांगून गेला, "आई, आता या टीव्हीच्या डबड्यातून गाणं ऐकू नका. चांगले टॉवर स्पीकर घ्या, जमिनीवर उभे राहणारे. बाबांचे सिनेमे होतील, तुझं गाणं होईल."

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टीसाठी वही करायची, ही त्यांची जुनी सवय. दोन आठवड्यांत वहीची सहा पानं भरली. आपल्या ओळखीचं गाणं बरोबर न्यावं, दुकानदाराचं नव्हे. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखाच ठेवावा, कारण जो मोठा तोच चांगला वाटतो. बैठकीची खोली दहा बाय चौदा, तेव्हा कपाटाएवढे स्पीकर घेऊ नयेत, आणि ते भिंतीपासून हातभर पुढे ठेवावे लागतील, नाहीतर ढोल वाजल्यासारखं होतं. सिनेमात बोलणं स्पष्ट कळायला हवं, तर मधला एक लहान स्पीकर त्याच जातीचा हवा. असं बरंच. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, आपला कान कच्चा, जाणत्या माणसाला बरोबर न्यावं.

जाणता माणूस कोण, याचा विचार करावा लागलाच नाही. श्रीहरी म्हणाले, "सदाशिव असताना आणि कुणाला विचारणार? देव घरात असताना पुजाऱ्याकडे कशाला?"

जूनमधल्या एका सकाळी तिघं कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानात गेली. आतल्या खोलीत गालिचा, पडदे आणि ओळीनं उभ्या केलेल्या तीन जोड्या. विक्रेता उत्साही होता. त्यानं बसायला सांगितलं आणि एका इंग्रजी सिनेमातलं हेलिकॉप्टर सोडलं.

"नोडरी सर, बघा, हे इकडून येतं, डोक्यावरून तिकडं जातं."

श्रीहरींनी मान वळवून मागे पाहिलं. "गेलं का?"

"गेलं, सर."

"अनसूया, निवृत्त माणसाच्या घरी एक हेलिकॉप्टर असायलाच पाहिजे."

बाईंनी हेलिकॉप्टर उतरवायला लावलं आणि पर्समधून आपली सीडी काढली. एका बाईंचं गाणं होतं, सुरुवातीला पूर्ण मिनिटभर नुसते दोन तंबोरे. पहिल्या जोडीवर ते लागलं आणि बाईंना वाटलं, खोलीत कुणीतरी उदबत्ती लावली. गाणारीनं श्वास घेतला तोही ऐकू आला. त्यांनी सदाशिवकडे पाहिलं. तो कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"दबलंय," तो म्हणाला. "तंबोऱ्यावर पांघरूण घातलंय कुणी तरी."

"मला तर बरं वाटलं."

"बाई, भोपळा ऐकू येतो, तार कुठाय?"

दुसऱ्या जोडीलाही तो नाहीच म्हणाला. अॅम्प्लिफायरवर आवाजाची धार कमीजास्त करायचं बटण होतं, ते त्यानं उठून उजवीकडे पिळलं. "याच्यापुढे जात नाही का?" विक्रेत्याला त्यानं दोनदा विचारलं. विक्रेता म्हणाला, "सर, ते शेवटी आलं."

तिसरी जोडी लावली तेव्हा बटण तसंच होतं. पहिल्याच झंकाराला बाईंचे दात आंबले. पाटीवर नख ओढावं तसा काहीतरी कोरडा चरचराट सुरांच्या वर तरंगत होता. श्रीहरींनी नकळत कानाची पाळी चोळली. आणि सदाशिवचा चेहरा मात्र उघडला. तेवढा उघडलेला तो बाईंनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तो खुर्चीच्या कडेला येऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता, आणि त्याचे डोळे ओलसर झाले होते.

"हे घ्या," तो म्हणाला. "यात जवारी आहे."

"जरा टोचत नाही का?"

"तार टोचणारच, बाई. कापसाची असते का?"

आयुष्यभर बाईंनी मुलींना सांगितलं होतं की स्वतःला दिसतं ते लिहा, शेजारणीच्या वहीत बघू नका. आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःचा कान बाजूला ठेवून शेजारच्याचा उतरवून घेतला. ट्यूबची गुणगुण ज्याला ऐकू येते, त्याच्यापुढे आपण काय बोलायचं? तिसरी जोडी घरी आली.

घरात पडदे जेमतेम होते आणि फरशी गुळगुळीत. चरचराट दुप्पट झाला. बातम्या देणारी बाई प्रत्येक 'स'ला फुसकारू लागली. श्रीहरी म्हणाले, "ही बाई बातम्या देते की नागपंचमी साजरी करते?" अनसूयाबाईंनी जमखाना अंथरला, स्पीकर तिरके केले, मागे-पुढे केले, शेवटी स्पीकरच्या वरच्या अंगावर जुनं मऊ धोतर दुहेरी करून टाकलं. तेव्हा कुठे गाणं ऐकण्याजोगं झालं. पण सदाशिव यायचा म्हटला की त्या आधी धोतर काढून ठेवत. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

विचारलं नाही, तरी दिसायचं थांबत नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी अशा मुली पाहिल्या होत्या. विनोद झाला की वर्ग हसतो, आणि एखादी मुलगी सगळ्यांकडे पाहून अर्ध्या क्षणानं हसते. प्रश्न विचारला की ती आधी ओठांकडे पाहते. आई-बापांना वाटतं मुलगी लाजाळू आहे. बाई त्या मुलीच्या मागे जाऊन हळूच किल्ल्या वाजवत, आणि ती वळली नाही की घरी चिठ्ठी पाठवत.

त्या पावसाळ्यात सदाशिव अर्ध्या क्षणानं हसू लागला होता.

आधी त्यांनी वयावर ढकललं. मग दारावरची बेल. सुमंतनं बसवलेली चिमणीसारखी चिवचिवणारी बेल वाजली, श्रीहरी उठले, आणि दाराशेजारी बसलेला सदाशिव कप हातात धरून बोलतच राहिला. मग दुकानातला फोन. पूर्वी तो स्वतः घ्यायचा. आता मंगला घेते, आणि निरोप सांगताना आधी त्याच्या खांद्याला हात लावते. मंगला नेहमी त्याच्या समोर येऊन बोलते, पाठीमागून कधीच नाही. बाईंच्या मनात वजाबाकी पुन्हा डोकं वर काढू लागली. सदाशिव एकोणपन्नास वर्षांचा होता.

सप्टेंबरात मधुवंती घरी आली. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता धारवाडात नाव झालेली गायिका. जानेवारीत तिची मोठी मैफल होती आणि तिचं ध्वनिमुद्रण होणार होतं, पहिलंच. बोलता बोलता ती म्हणाली, "बाई, एक विचारू का? सदाशिवअण्णांचं काही बिनसलंय का?"

"का ग?"

"दिवाळीनंतर तंबोऱ्यांची जोडी द्यायचीये त्यांच्याकडे. पण मागच्या वेळी त्यांनी जवारी केली ती... काचेवर वाळू घासल्यासारखी. मी धागा सरकवून कसंबसं भागवलं. त्यांना कसं म्हणू? माझ्या गुरूंचे तंबोरे त्यांच्या अप्पांनी लावले. मी दुसरीकडे गेले तर उद्या चार जणी जातील."

"म्हणू नकोस इतक्यात," बाई म्हणाल्या. पण काचेवर वाळू हे शब्द त्यांच्या कानातून जाईनात. बैठकीच्या खोलीत धोतर पांघरून उभे असलेले ते दोन काळे स्पीकर त्यांना त्या दिवसापासून आवडेनासे झाले. सकाळी झाडताना त्या त्यांच्या मागच्या बाजूला जायचं टाळत.

ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर, श्रीहरींनी स्पीकरबरोबर आलेली पुस्तिका वाचायला घेतली. स्पीकरच्या मागे वायर जोडायच्या जागांच्या दोन जोड्या होत्या, वरची आणि खालची, आणि त्या दोन्हींना सांधणाऱ्या पितळी पट्ट्या. पुस्तिकेत लिहिलं होतं की पट्ट्या काढून वरच्या आणि खालच्या भागाला वेगवेगळ्या वायर दिल्या तर आवाज सुधारतो. श्रीहरींनी पट्ट्या काढल्या. दुसरी वायर आणायची होती, ती राहिली.

संध्याकाळी बाईंनी गाणं लावलं. चरचराट गेला होता. त्याच्याबरोबर सगळंच गेलं होतं. गाणारी जणू पलीकडच्या घरात, दार लोटून गात होती. तंबोरे म्हणजे नुसती घरघर.

"अहो, काय केलंत?"

"सुधारणा चालू आहे," श्रीहरी म्हणाले. "अर्धी झालीये." मग त्यांनी चष्मा चढवून पुन्हा वाचलं आणि ते ओशाळले. वायर खालच्या जागेत होती. वरचा लहान स्पीकर, सगळी धार ज्याच्यातून येते तो, दोन्ही बाजूंना पूर्ण बंद होता.

पट्ट्या परत लावायच्या तेवढ्यात फाटक वाजलं. सदाशिव आला होता, मंगलानं दिलेल्या चकल्या घेऊन. तो नेहमीच्या खुर्चीत, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर समोर बसला. गाणं चालूच होतं. श्रीहरी तोंड उघडणार, इतक्यात बाईंनी त्यांच्या हाताला हात लावला. पुढे कितीदा तरी त्यांना वाटलं, तो हात लावला नसता तर बरं झालं असतं.

सदाशिवनं मिनिटभर ऐकलं. डोळे मिटले. मान डोलावली.

"छान लागलेत," तो म्हणाला. "दुकानात होते तसेच. मी सांगितलं नव्हतं?"

श्रीहरींनी चकलीचा डबा उघडला आणि त्यात पाहत राहिले. बाई आत गेल्या. ओट्यापाशी त्या पाण्याचा पेला हातात धरून उभ्या राहिल्या आणि बाहेरून येणारी ती घरघर ऐकत राहिल्या. त्यांच्या ओळखीतला सर्वांत तीक्ष्ण कान त्या घरघरीसमोर समाधानानं बसला होता.

दिवाळी त्यांनी तशीच काढली. मग एका दुपारी रिक्षा करून त्या केशवापुरात गेल्या. सदाशिव आतल्या पडवीत भोपळा घासत होता, पाठ दाराकडे. भिंतीशी मधुवंतीचे दोन्ही तंबोरे आले होते.

मंगला बाहेर होती. बाईंनी तिला विचारलं, "किती दिवस झाले?"

मंगलानं काय ते विचारलं नाही. "चैत्रात कळलं," ती म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगून मी पाण्याला गेले. आले तर डाळ जळालेली आणि हे शेजारी बसून पेपर वाचतायत. बाई, खालचं सगळं ऐकू येतं त्यांना. माणसांचं बोलणं पण बरंचसं. वरचं गेलंय. कुणाला सांगू नका. हे दोन तंबोरे जाऊ देत नीट. हे परत गेले तर दुकानात उरतं काय?"

"आणि असेच करून दिले तर?"

मंगला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तेवढ्यात सदाशिव वळला. त्यानं दोघींचे चेहरे पाहिले. ऐकायचं कमी झालं तसं त्याला चेहरे वाचायला येऊ लागले होते.

"काय म्हणतायत बाई?" त्यानं मंगलाला विचारलं.

बाई त्याच्या समोर जाऊन बसल्या. त्यांनी शाळेत असंच केलं असतं. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश. "सदाशिव, तुम्ही चकल्या घेऊन आलात, त्या दिवशी माझ्या स्पीकरांचा वरचा भाग बंद होता. दोन्ही."

सदाशिवनं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"काहीतरी बंद आहे, हे मला वर्षभर माहीत होतं," तो म्हणाला. "बाहेर की माझ्यात, एवढं ठरत नव्हतं. सगळ्यांचे तंबोरे मुके झाल्यासारखे वाटायचे. वाटलं, हाड वाईट येतंय हल्ली. तारा वाईट येतायत. त्या दिवशी तुमच्याकडे मी ऐकलं, ते आठवणीतलंच असणार." मग म्हणाला, "बाई, कोप्पीकर रोडवर त्या तिसऱ्या जोडीवर मला वर्षानं पहिल्यांदा तंबोरा ऐकू आला. ते मी तुमच्यासाठी निवडले नाहीत."

"ते जाऊ दे."

"जाऊ दे कसं? तुम्ही विश्वासानं नेलंत."

त्यानंतर तो जे म्हणाला, त्याला बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "हे दोन तंबोरे मला करू द्या. तुम्ही शेजारी बसा. तार बोलली की 'साकु' म्हणा, पुरे म्हणून. मी थांबेन."

"मला जवारीतलं काय कळतं?"

"मला आता तेवढंही कळत नाही."

मंगला दारात उभी होती. तिनं बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी होकार दिला.

पहिला तंबोरा दोन दुपारी चालला. दोन ओढी, एक टणत्कार. सदाशिव तारेकडे न पाहता बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. इतकी वर्षं ज्या बाकावर त्या मजेत बसल्या, त्याच्या कडेला आता त्या नुसत्या टेकल्या होत्या. दुसऱ्या दुपारी चारच्या सुमाराला तारेत काहीतरी उजळलं. बाईंना खात्री नव्हती, पण अंगावर काटा आला. "साकु," त्या म्हणाल्या. सदाशिव थांबला. मंगला आतून आली, ऐकलं, आणि भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

दुसरा तंबोरा त्यांनी शुक्रवारी घेतला. तीन तारा झाल्या. राहिली खर्जाची, पितळेची. ती आधीपासूनच गोड होती. दहाबारा ओढींनंतर ती बोलली, आणि बाई म्हणाल्या, "साकु."

सदाशिवनं तार छेडली. कान जवळ नेला. "नाही बोलत अजून."

"बोलतेय. थांबा."

"मुकी आहे, बाई. थोडी राहिली."

"सदाशिव, साकु."

त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. जाणत्या माणसावर आवाज चढवायचा नाही, ही त्यांची आयुष्याची शिस्त होती. सदाशिवची मान खाली होती. त्याला त्यांचे ओठ दिसत नव्हते. कानस दोनदा पुढे गेली, मग तिसऱ्यांदा. हे हात चौदाव्या वर्षापासून कानाचं ऐकत आले होते आणि आजही त्याचंच ऐकत होते. मंगला पुढे धावली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

तिघांनीही ती तार ऐकली. निदान दोघींनी. पत्र्यावर खिळा फिरवावा तसा तो आवाज होता. हाडाचा माथा उतरला होता, आणि उतरलेलं हाड परत भरता येत नाही. सदाशिवनं आधी मंगलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या. त्यानं कानस पुसली, फडक्यात गुंडाळली आणि विचारलं, "पुष्कळ गेलं का?"

"हो," बाई म्हणाल्या.

पुढच्या दिवशी दोन्ही तंबोरे घेऊन तो स्वतः धारवाडला गेला. मंगला बरोबर येते म्हणाली, तिला त्यानं नाही म्हटलं. मधुवंतीला त्यानं काय सांगितलं, ते तिनंच पुढे बाईंना सांगितलं. "दारातच उभे राहिले. म्हणाले, एक चांगला आहे, एक मी बिघडवलाय, नवी घोडी मिरजेहून घालून घ्या. आणि यापुढे माझ्याकडे आणू नका, हे मीच सांगतोय, म्हणजे तुम्हाला रीत मोडल्यासारखं वाटायला नको. बाई, मी आत या म्हणत होते, आणि ते माझ्याकडे न बघताच जिना उतरायला लागले. मी तीनदा हाक मारली." नवी घोडी वेळेत झाली नाही. जानेवारीत मधुवंती एका तंबोऱ्यावर गायली.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी सदाशिवच्या कानांचा आलेख काढला. बाई सोबत गेल्या होत्या. आलेखाची रेघ डावीकडे सपाट निघून मध्यापासून जिन्यासारखी खाली उतरत होती. सदाशिवनं विचारलं, "इथंच थांबेल का?" डॉक्टरांनी त्याच्या वडिलांविषयी विचारलं, मग आजोबांविषयी, आणि मग कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मंगलानं विचारलं, "मुलीचे तपासायचे का?" त्यांची प्रियांका तेव्हा बारावीत होती आणि गाणं शिकत होती. डॉक्टर म्हणाले, दर वर्षी तपासत चला.

स्पीकर बाईंनी बदलले नाहीत. पट्ट्या परत लावल्या, धोतर परत टाकलं. श्रीहरींना वाटे, सुमंतला सांगून दुसरे आणावेत. एकदोनदा ते म्हणालेही. बाई विषय बदलत.

हे सगळं होऊन चार वर्षं झाली. जवारीची कामं आता हुबळीहून मिरजेला जातात. सदाशिव त्रेपन्न वर्षांचा आहे. तो केशवापुरातल्या त्याच दुकानात तंबोऱ्याच्या खुंट्या तासतो आणि गवसण्या, तंबोऱ्यांच्या कापडी खोळी, शिवतो, आणि गिऱ्हाइकाला काय हवंय ते मंगला त्याला पाटीवर लिहून दाखवते.